मागचा एक्सल

जीपच्या पोटाखालून मिस्त्रीचे फक्त पाय दिसत होते. एका पायात चप्पल होती, दुसरी कुठेतरी लोळत पडली होती.

"आलास? ये, खाली वाक आणि बघ जरा," आतून आवाज आला.

"वाकायचं सोडून दुसरं काहीही सांग," ड्रायव्हर म्हणाला आणि एकावर एक रचलेल्या टायरांवर हळूच टेकला. बसताना कमरेवर ठेवलेला हात त्याने तिथेच राहू दिला.

तो गाडीचा निरोप घ्यायला आला होता. दवाखान्याची ही जुनी जीप वरच्या वस्त्यांच्या वाटेवर दगडात आदळली आणि मागचा एक्सल तुटला, तेव्हा मिस्त्रीनेच मान हलवली होती. "या गाडीचा माल आता कुठे मिळत नाही. संपली समज." ड्रायव्हरने त्याच्यासमोर तोंड पाडलं होतं. घरी जाऊन मात्र बायकोला म्हणाला होता, "सुटलो." जीप भंगारात गेली की त्याला खालच्या गाडीवर घेणार होते. दवाखान्यातून मोठ्या हॉस्पिटलात आणि तिथून परत. सगळा डांबरी रस्ता. रिटायर होईपर्यंत एक दगड आडवा येणार नव्हता. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी त्याला कूस न बदलता झोप लागली होती.

मिस्त्री सरपटत बाहेर आला. तोंड काळं, दात पांढरे.

"मिळाला!"

"काय मिळाला?"

"एक्सल! भंगारवाल्याकडे जुन्या ट्रकचा पडला होता. लांब होता, कापून मापात आणला. मग म्हटलं, एवढा दणकट एक्सल घालायचा आणि वर ते मेलेले स्प्रिंगचे पाटे? पाटे नवे टाकले. शॉकअप नवे. बेअरिंगं नवी. दवाखान्याच्या साहेबांना फोन केला, ते म्हणाले, होत असेल तर कर." त्याने हात चिंधीला पुसले, तरी ते काळेच राहिले. "तुझ्यासाठी केलं, लेका. तुझा जीव आहे या गाडीवर, मला काय माहीत नाही? आता दहा वर्षं बघायला नको."

"दहा वर्षं," ड्रायव्हर म्हणाला.

"जास्तच. दगडावर आपट, नाल्यात घाल, काही होत नाही तिला."

"तुला कोणी सांगितलं होतं रे?"

मिस्त्री हसत होता, तो थांबला. "म्हणजे?"

"सांगितलं होतं का मी? आलो होतो हातापाया पडत?" ड्रायव्हरचा आवाज चढला आणि चढता चढताच खाली आला. एवढंही ओरडायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "तिला काही होत नाही रे. माझं काय? वरून उतरलो की दार धरून उभा राहतो, पाय आपले आहेत असं वाटेपर्यंत. डॉक्टर म्हणतो, मणका झिजलाय, धक्के टाळा. मी म्हटलं, धक्क्यांचाच तर पगार मिळतो."

मिस्त्रीने गाडीकडे बघितलं. जीप लाकडी ठोकळ्यांवर उभी होती, चाकं बाजूला पडली होती. त्याने पाना उचलला.

"काढतो," तो म्हणाला. "अजून चाकं लावली नाहीत. साहेबांना सांगतो, बसवून बघितला, बसत नाही. माझं कोण काय वाकडं करणार?"

"आणि इतके दिवस खपलास ते?"

"खपलो तर खपलो. तू सांग. काढू?"

ड्रायव्हर उठला, जीपच्या मागे गेला आणि मडगार्ड धरून जमेल तेवढा वाकला. एक्सल घासूनपुसून काळ्या रंगाने रंगवला होता. जिथे कापून जोडला होता तिथे जोड शोधावा लागत होता. जिथे कुणी कधी बघणार नाही तिथेही मिस्त्रीने ब्रश फिरवला होता.

"सिस्टर वरच्या वस्त्यांवर पायी जातात सध्या," तो वाकलेलाच म्हणाला. "लसींची पेटी पाठीला बांधून. माझ्याहून मोठ्या आहेत वयाने. काल दवाखान्याच्या पायरीवर भेटल्या, बूट काढून बसल्या होत्या."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. कंबर कशी आहे म्हणाल्या. गाडी कधी येते हे विचारतसुद्धा नाहीत रे. विचारलं असतं तर निदान खेकसलो तरी असतो."

मिस्त्री पाना हातात धरून उभा होता.

ड्रायव्हर सरळ झाला. सरळ व्हायला त्याला वेळ लागला. मग त्याने जवळचं चाक पायाने ढकलत ढकलत गाडीपाशी आणलं.

"धर."

"अरे, नीट विचार कर. घरी विचार. मला घाई नाही."

"धर म्हणतो ना. मला उचलवत नाही."

चाकं लागली. मिस्त्रीने एकेक नट आवळला, ड्रायव्हर एकेक नट हातात देत गेला. ठोकळे निघाले, जॅक उतरला, आणि एक्सल तुटल्यापासून जीप पहिल्यांदा आपल्या चाकांवर उभी राहिली. पूर्वीपेक्षा चांगली वीतभर उंच.

ड्रायव्हर दारापाशी जाऊन थांबला. पायरी त्याच्या गुडघ्याच्याही वर आली होती.

"नवे पाटे आहेत," मिस्त्री घाईघाईने म्हणाला. "बसतील हळूहळू."

"बसतील," ड्रायव्हर म्हणाला. त्याने उजवा हात दाराच्या चौकटीला घातला, डाव्या हाताने स्वतःची मांडी खालून धरली आणि पाय उचलून पायरीवर ठेवला. मिस्त्रीने पाठ फिरवली आणि स्वच्छ असलेला पाना पुन्हा पुसायला घेतला.