पक्कं काम

शवागारातल्या ट्रेवरचा जबडा शलाकाने उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला. गोदामाच्या आगीत त्या माणसाचं ओळखू येण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. दाढेवरची कॅप मात्र जशीच्या तशी होती, कडेला केसाएवढीही फट नाही. सोबत आणलेला एक्स-रे तिने पाकिटातून काढलासुद्धा नाही.

"तेच आहेत, गोदामाचे वॉचमन," ती म्हणाली.

"नक्की ना? ही कॅप बसवली कुणी?" इन्स्पेक्टरनी विचारलं.

"मी."

असं ठासून तिने दातांच्या दवाखान्यातल्या नोकरीच्या दोन वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. पाटीवर नाव तिथल्या मोठ्या डॉक्टरांचं, सरांचं. खुर्चीत बसणारा प्रत्येक जण तिच्याकडे पाहून आधी विचारायचा, "मोठे डॉक्टर नाहीत का?" या वॉचमननेही विचारलं होतं.

"मानलं मॅडम तुम्हाला!" इन्स्पेक्टर म्हणाले. "सगळं जळालं, पण तुमच्या कामाला धक्का नाही."

परतताना रिक्षात आपण गाणं गुणगुणतोय हे तिच्या लक्षात आलं, तरी ती थांबली नाही.

दुपारी एक बाई कॅप बसवायला आल्या. मोठ्या डॉक्टरांची चौकशी करून त्यांनी नाइलाजाने तोंड उघडलं. शलाकाने इतक्या मायेने कधीच काम केलं नव्हतं. दिवा जवळ ओढून ती कॅपची कड पुन्हा पुन्हा घासत राहिली. शवागारातल्या ट्रेवर, खिडकीच्या उजेडात ही कॅप कशी दिसेल, हे तिला आत्ताच दिसत होतं.

चूळ भरून बाईंनी विचारलं, "किती वर्षं टिकेल हो ही?"

"काळजीच करू नका," शलाका हसून म्हणाली. "तुमच्यानंतरही राहील."