अर्ध्या दाढीचा फेस

अर्धी दाढी. विरघळत आलेला बर्फ. तांब्याची चिरलेली नळी. कोरडा नळ.

दवाखान्यातला लसींचा फ्रीज बंद पडला होता. कंपाउंडर केरबा गालावरचा साबण तसाच ठेवून मेकॅनिक पंचशीलाच्या मागे घुटमळत होता.

"एक वेळ रखडलेला उदगीर जिल्हा होईल, पण तुझं उरकायचं न्हाई!" तो कुरकुरला.

तिने कटर नळीभोवती फिरवून चिरलेला तुकडा काढला, कडेचा कीस खरवडला, टोकं सँडपेपरने घासून लखलखीत केली.

"बोट लावू नका! हाताचं तेल लागलं की डाख धरत न्हाई."

डाख देऊन नवा तुकडा जोडला. नळीत हवा भरली. आता गळती बघायला साबणाचा फेस हवा होता आणि दुष्काळात दवाखान्यातलं शेवटचं पाणी केरबाच्या दाढीलाच संपलं होतं. पंचशीलाने केरबाकडे पाहिलं.

"अगं, माझी दाढी!"

तिने त्याच्या गालावरचा सगळा फेस निपटून जोडावर थापला. दोघं श्वास रोखून वाकले. एकही बुडबुडा उठला नाही.

"धरलं!" ती ओरडली. "गॅस भरते. लसी वाचल्या!"

त्या दिवशी अकरा वाजता विहारात या दोघांचं लग्न होतं.