तबेल्याचं दार

“हा पोनी कुणाचा? मुलं बसायची का यावर?” करखात्याच्या माणसाने विचारलं.

सुप्रभाताईंना उत्तर तोंडपाठ होतं. क्षितिजने, त्यांच्या मुलाने, आठवडाभर घोकून घेतलं होतं. पण कुंपणापलीकडून तो म्हातारा पोनी, लाडू, मान हलवत त्यांच्याकडेच बघत होता. त्याच्यादेखत खोटं बोलायचं म्हणजे काय!

विलायतेतल्या मेडनहेड गावाबाहेरची ही सात एकर जमीन, मुलं लहान असताना घेतलेली. त्यांचे यजमान डॉक्टर शशिधर पुढे हॉस्पिटलातून निवृत्त झाले आणि इथे चाळीस मेंढ्या पाळून बसले. मित्र चिडवायचे, “काय डॉक्टर, स्टेथोस्कोप टांगून काठी घेतलीत का हातात?” ते नुसते हसायचे. २००६च्या मार्चमध्ये ते गेले. जमीन त्यांनी क्षितिजच्या नावे ठेवली होती. ती शेतीची ठरली तर वारसाकर माफ, नाहीतर विकूनच कर भरावा लागणार. आणि ही जमीन विकायची म्हणजे ईराला दुसऱ्यांदा पोचवून यायचं. ईरा त्यांची थोरली. याच गवतात लाडूवर बसून भिरभिरायची. पंधरा वर्षांपूर्वी, अकराव्या वर्षी, रक्ताच्या कॅन्सरने गेली.

क्षितिज ईलिंगच्या आपल्या घरून फाइल घेऊनच आला होता. “आई, राइडिंगचा पोनी म्हणजे शेती नाही. कामाचा घोडा असला तर चालतं. ताईचं काही दिसायला नको.”

काल मग दोघांनी सगळं आवरलं. खोगीर, इवलंसं हेल्मेट, स्पर्धांचे बिल्ले, सगळं लॉफ्टमध्ये गेलं. राहिलं तबेल्याचं दार. दर वाढदिवसाला शशिधर ईराला त्या दाराला टेकवून उभी करायचे आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारायचे. अशा सात रेघा, शेजारी तिचं नाव नि वय. सगळ्यात वरची सुप्रभाताईंच्या खांद्याशी यायची.

“नुसता रंग दे वरून,” असं म्हणून त्या घरात निघून गेल्या. त्यांना बघवेना. संध्याकाळपर्यंत क्षितिजने दार हिरवंगार करून टाकलं.

“नाही,” आता त्या म्हणाल्या. “कुणी बसत नव्हतं. मेंढ्यांचं खाणं वाहायला आहे तो.”

 पोटच्या पोरीलाच नाही म्हटलं होतं त्यांनी.

त्या माणसाने लिहून घेतलं. मेंढ्या पाहिल्या, डॉक्टरांची कोकरांची वही चाळली, चहाही घेतला. भला माणूस होता बिचारा. निघताना गमबूट झटकत म्हणाला, “काळजी करू नका. मेंढ्यांवरच सगळं सिद्ध होतंय. पोनी मुलांच्या हौसेचा असता, तरी मी तेवढा कोपराच करमाफीतून वगळला असता. बाकीच्या जमिनीला काही धक्का नव्हता.”

गाडी वळणाआड गेली. सुप्रभाताई तडक तबेल्याशी गेल्या. रंग अजून चिकट होता. खांद्याच्या उंचीवर त्या नखांनी खरवडू लागल्या. हिरवे पापुद्रे निघत होते. “आहेस गं बाळा, इथेच आहेस तू. थांब हं,” त्या पुटपुटत होत्या.

क्षितिजने मागून येऊन त्यांचा हात धरला. 

“आई, नको. रंग नीट बसावा म्हणून मी आधी सँडपेपर मारला होता.”