रस्ता सुरक्षित असल्याचा कागद

"माझ्या मुलाला तुम्ही मारलंत. लिही."

समिधाची बोटं लॅपटॉपवर थांबली. नीलकंठराव मराठीत सांगत होते आणि सून हिंदीत टाइप करत होती. हिंदी मुलखातल्या घमापुरातली मराठी दिल्लीच्या सरकारी ऑफिसात कोण वाचणार?

"बाबा, असं नसतं लिहीत. 'महोदय, सविनय निवेदन है' असं—"

"निवेदन काहून? आपण काय नळाचं कनेक्शन मागून राहिलो?"

तिने तरी निवेदनच लिहिलं. प्रथमेशला जाऊन बावीस दिवस झाले होते. तो तेलाच्या टँकरवर फिटर होता. आखातात जहाजावर ड्रोन आदळला तेव्हा खाली इंजिनरूममध्ये होता. देह मिळाला नाही. कालच्या पेपरात मात्र त्याच ऑफिसचा, देशाच्या तेल-आयातीच्या सुरक्षिततेचा अहवाल आला होता. सव्वीस जहाजांपैकी पंचवीस पोचली. पुरवठा सुरळीत. नुकसान नगण्य.

"पुढे लिही. फॅक्टरीत तोफगोळे तपासण्यात माझी चौतीस वर्षं गेली. एका गोळ्याला चीर दिसली की आम्ही अख्खा लॉट थांबवायचो. वरचे शिव्या द्यायचे, तरी थांबवायचो. अन् पास केलेल्या प्रत्येक गोळ्यावर तपासणाऱ्याचा शिक्का. माझा एकोणसाठ नंबर. गोळा तोफेतच फुटला तर एकोणसाठला धरायचं. तुमच्या अहवालावर शिक्का कोणाचा? लिहिलं?"

"हो."

"वाच."

"कृपया संबंधित अधिकारी का नाम सूचित करने का कष्ट करें।"

"कष्ट!" नीलकंठराव उठून उभे राहिले. "अच्छा. पोरगा आपला गेला अन् कष्ट त्यांना! एवढी काहून घाबरून राहिली तू त्यांना?"

"त्यांना नाही घाबरत, बाबा."

"मग?"

तिने लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला.

"बंदरातून त्याचा फोन आला होता. आखातात जायचं नसेल तर तसं लिहून द्या, उतरा, घरी जा, असं जहाजावरच्या सगळ्यांना सांगितलं होतं. चौघं उतरले. हा मला म्हणाला, 'क्या करूँ, तू बता. वरून, दिल्लीतून कागद आलाय, रस्ता सेफ आहे म्हणून.' मी म्हटलं, सरकारी कागद आहे ना, खोटा थोडीच असेल. जा."

नीलकंठराव खाली बसले. चष्मा काढून त्यांनी हातात धरला. पुसला नाही. सुनेच्या डोक्यावर हात ठेवावा असं त्यांना वाटलं, पण हात उचलला गेला नाही.

समिधाने लिहिलेलं सगळं खोडलं. निवेदन गेलं, कष्ट गेले. मग सासऱ्यांना न विचारता ती स्वतःच, मराठीत, लिहायला लागली.

'मी प्रथमेशची बायको. तो उतरू शकत होता. तुमच्या कागदावर विश्वास ठेवून मीच त्याला जा म्हटलं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं, आज घरात सांगितलं. माझं नाव खाली लिहिलं आहे. तो कागद ज्याने लिहिला, त्याचं नाव सांगा.'