पाणी वाढणारं कोण

नदीवर वाफेचं इंजिन बसलं, बीडच्या बाजारात नळ आला आणि गावाला नाना शंका आल्या. वाफेनं पाणी शिजतं, असल्या पाण्यानं तहान भागायची नाही, असं जो तो म्हणू लागला. छबुबाईला ती शंका नव्हती. तिची वेगळीच होती.

नळाशी जलालुद्दीन मिस्त्री उभा होता. तिनं घागर लांबच खाली ठेवली.

“या मावशी, लावा घागर.”

“आधी सांगा, नळाच्या पल्याड कोन हाय?”

“कोन न्हाई. नदीवर इंजिन हाय.”

“आन् इंजिनापाशी?”

“आमचा अजीज. भट्टीत कोळसा टाकतो.”

“त्याला तितनं दिसतं का, हितं घागर कोनाची हाय ते?”

“इतक्या लांबून कसं दिसंल?”

“आन् कुनी जाऊन सांगितलं तर?”

मिस्त्री हसला. “सांगनारा नदीवर पोचंस्तोवर घागर भरंल की.”

छबुबाईच्या वस्तीतल्या बायकांनी विहिरीला हात लावायचा नसे. घागर खाली ठेवायची आणि वरून कुणी पाणी वाढेल म्हणून ताटकळत उभं राहायचं. तिचा जन्म त्यातच गेला होता.

ती पुढं आली. घागर काठोकाठ भरली.

“लई उपकार झाले, मायबाप,” सवयीनं मान वर करून ती म्हणाली. वर कुणीच नव्हतं.

तरी तिचा विश्वास बसेना. तिनं भरलेली घागर ओतून दिली आणि कुणालाही न विचारता पुन्हा नळाखाली लावली.