गुंतवळ

नंदनवनातल्या समाजमंदिरात नव्या नाटकासाठी माणसं निवडणं चाललं होतं. नाटक भीतीचं होतं. त्यातली आई मेलेल्या लेकीची भ्रमात रोज वेणी घालते. म्हाताऱ्या जयवंताबाईंना तेवढ्यासाठीच ते काम हवं होतं. त्यांची सुजाता लहानपणीच तापानं गेली. त्या सकाळी तिची वेणी घालायची राहूनच गेली होती.

"पुढं लेक बसून राहिली असं समजा," नाटक बसवणारे शालिकराम मास्तर त्यांच्यापुढं रिकामं स्टूल ठेवत म्हणाले.

"स्टुलाले तेल नका लावू जी!" रुपरावनं मागून टोमणा मारला. सगळे हसले.

जयवंताबाईंनी हातातली फणी स्टुलावरच्या हवेत चालवली. जणू गुंता लागला, तसा हात हळू केला. हसणं थांबलं. रुपरावनंच डोळे पुसले.

"बस्स, काम तुमचंच," मास्तर म्हणाले.

जयवंताबाईंनी सवयीनं फणीतलं गुंतवळ काढून बोटावर गुंडाळलं आणि थुंकून फेकायला तोंडाशी नेलं. त्यांचं डोकं पांढरंशुभ्र होतं. बोटावरचे केस लांब, काळेभोर होते आणि तेलानं ओले.

त्यांनी ते फेकले नाहीत. पोलक्यात जपून ठेवले आणि त्या स्टुलाकडे वाकल्या.

"उठू नको वं माय. दुसरी वेणी राहिली."

अर्धवट उठलेलं कुणी पुन्हा बसावं, तसं स्टूल करकरलं.