मास्तरांच्या जागी

शालनवहिनी गॅलरीत जर्सी वाळत घालत होत्या. पेठेच्या तालीम मंडळाच्या फुटबॉल टीमच्या जर्सी बावीस वर्षं त्यांच्याच घरी धुतल्या जायच्या, कारण टीमचे कोच रंगराव मास्तर त्यांचे यजमान. खाली कट्ट्यावर पेठेतली माणसं जमली होती.

“सलग सहा मॅच हरलो. मास्तर आता थकलेत.”

“गोव्याचा कोच आणूया.”

“नको, पेठेतलाच पाहिजे. सुभानरावांना विचारू की.”

वहिनींनी आत येऊन गॅलरीचं दार लावून घेतलं. कॉटवर पडलेल्या मास्तरांनी विचारलं, “काय म्हणायलेत?”

“काय म्हणणार? पुढची मॅच मास्तर काढतीलच म्हणायलेत.”

“मला ऐकू येतंय गं,” मास्तर म्हणाले. “मघापासनं इतकी नावं घेतली, पण अस्लमचं कुणीच घेईना.”

“त्याला टीममधनं तुम्हीच हाकललंत.”

“उलटं बोलला म्हणून हाकललं. पण बोलला ते खरं होतं.” मास्तरांनी उशीखालची शिट्टी काढून वहिनींच्या हातावर ठेवली. “त्याला नेऊन दे. मी दिली म्हणून सांग, नाहीतर घ्यायचा नाही तो.”

शिट्टी मुठीत धरून वहिनी जिन्यापाशी पोचल्या, तेव्हा मागनं मास्तरांचा आवाज आला. नेहमी मैदानभर ऐकू जाणारा तो आवाज आज जिन्यापर्यंतही नीट पोचत नव्हता.

“आणि त्याला म्हणावं, जर्सी तेवढ्या आपल्याकडंच धुवायला पाठव.”